घसरणारा क्लच

सुट्टीवर आलेल्या मामूंनी कुवेतहून धाकट्यासाठी रिमोटची मोटार आणली. जत्रेत मिळते तसली नव्हे. खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाची, बॅटरीवर चालणारी, मागच्या चाकांवर जोर घेणारी, आणि प्रत्येक भाग खोलून बदलता येईल अशी. पहिल्याच दिवशी तिने अंगणातल्या मातीच्या ढिगावरून उड्या मारल्या आणि मोहल्ल्यातली सगळी पोरं आमच्या दारात जमली.

चौथ्या दिवशी धाकटा म्हणाला, “अब्बा, गाडी सुटताना सर्र असा आवाज येतो.”

आम्ही कान देऊन ऐकलं. आवाज येत होता खरा. आता वीस वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाला क्लच घसरतोय हे काय सांगायला हवं? स्कूटरचा क्लच घसरला की आपण तो दुरुस्त करून घेतो. त्याच हिशेबाने आम्ही पाना घेतला आणि क्लचचा नट जाईल तेवढा आवळून टाकला. आवाज बंद झाला. आम्ही ऐटीत चहाला बसलो.

संध्याकाळी एका उडीनंतर गाडी जागची हलेना. मोटर गुणगुणत होती, चाकं मात्र थंड. झाकण काढलं तर मोठ्या प्लास्टिकच्या गियरचे पाच-सहा दात झडलेले. धाकटा रडला नाही. एवढंच म्हणाला, “मामू म्हणाले होते, आधी पुस्तिका वाचा.”

मग रात्री दोघांनी मिळून पुस्तिका वाचली. त्या भागाचं नावच स्लिपर क्लच, म्हणजे घसरणं हेच त्याचं काम. गियर दोन चकत्यांच्या मध्ये धरलेला असतो आणि त्यांच्यावर एक स्प्रिंग दाब देते. नट आवळला की दाब वाढतो, सैल केला की कमी होतो. गाडी उडी मारते तेव्हा चाकं हवेत जोरात फिरत असतात. जमिनीला टेकताच ती एकदम अडतात आणि तो धक्का थेट गियरच्या दातांवर येतो. त्या क्षणी क्लच जरासा घसरला, तर दात वाचतात. आम्ही ती वाटच बंद केली होती.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, त्यांच्यासाठी आमच्या चुकीतून शिकलेलं सांगतो. हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार काढा. आमच्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे नट हलक्या हाताने शेवटपर्यंत नेऊन अर्धा फेरा मागे घ्यायचा असतो. प्रत्येक गाडीचं माप वेगळं, म्हणून आपल्या पुस्तिकेतलंच धरा. मग मागची दोन्ही चाकं घट्ट धरून अंगठ्याने मोठा गियर फिरवून पाहा. जोर लावल्यावरच फिरला पाहिजे. सहज फिरला तर नट सैल आहे.

आता बॅटरी जोडा आणि गाडी कोरड्या, खरबरीत जागेवर ठेवून एकदम पूर्ण वेग द्या. एक-दोन फुटांपर्यंत सर्र आवाज येऊन मग तिने पकड घ्यावी. आवाजच आला नाही तर नट जास्त आवळला आहे. आवाज लांबपर्यंत येत राहिला तर सैल आहे, आणि तशीच चालवली तर घर्षणाने तापून प्लास्टिकचा गियर वितळतो. दरवेळी फेऱ्याचा आठवा भागच फिरवा आणि पुन्हा तपासा. नटाच्या आतली नायलॉनची कडी सारख्या उघडझापीने ढिली पडते. तो बोटांनीच फिरू लागला तर नवा घाला. क्लचला तेल चुकूनही लावू नका. आणि उडीनंतर गाडी जमिनीला टेकण्याआधी रिमोटवरचं बोट सोडा. ही सवय लागली की निम्मी मोडतोड टळते.

नवा गियर यायला बारा दिवस लागले. तोवर गाडी कपाटावर होती आणि आम्ही जाता-येता तिच्याकडे बघणं टाळत होतो. शेवटी एका रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हटलं, “बेटा, गियर आमच्यामुळे गेला. तू बरोबर सांगत होतास.” त्याची अम्मी हसली. तो मान खाली घालून भात कालवत राहिला, पण नंतर दोनदा भात मागून घेतला.

गियर आला त्या दिवशी पाना त्याच्या हातात दिला. त्याने नट शेवटपर्यंत नेला, अर्धा फेरा मागे घेतला आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही काही बोललो नाही. बाहेर गाडी सुटली तेव्हा सर्र आवाज आला.

“येऊ दे,” तो म्हणाला, “यायलाच हवा.”