काटा खाली आला म्हणून

अब्बांची १९९६ सालची मारुती ८०० अजून माझ्याकडे आहे. ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, कार्ब्युरेटर, हाताने फिरवायच्या काचा. या मॉडेलचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. मित्र म्हणतात, "विकून टाक, भंगार झालंय." मी विकत नाही. उलट सुट्टीच्या दिवशी पाने घेऊन तिच्याखाली शिरतो. स्वतः दुरुस्ती करावी याच मताचा मी आहे आणि आजही ते मत बदललेलं नाही. पण या मताची एक किंमत मी मोजली आहे, ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका मेकॅनिकने या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकला होता. "आपल्या हवेत गरजच नाही त्याची," हे आपल्याकडे गॅरेजागॅरेजात ऐकू येणारं वाक्य. ते चूक आहे. इंजिनाला गरम होण्याइतकंच ठरावीक तापमानाला टिकून राहणंही गरजेचं असतं. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं, झीज वाढते. हे वाचून, समजून घेऊन मी नवा थर्मोस्टॅट आणला आणि स्वतः बसवला. काम योग्य होतं, पण अर्धवट केलं. हाउसिंगचं जुनं पॅकिंग खरवडून काढायचा कंटाळा केला. दोन कप चहाच्या किमतीचं नवं पॅकिंग दुकानात मिळत होतं, तरी जुन्यावरच सिलिकॉन थापलं. थेंब गळत नव्हता. मी खूश.

दोन महिन्यांनी अम्मीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो. आंबा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकू लागला. अम्मीच्या लक्षात आलं. "बेटा, हा काटा रोज इथं असतो का?" मी म्हणालो, "जुना मीटर आहे, खोटं दाखवतो." तरी पोटात गोळा आलाच. मग अचानक काटा झपकन खाली आला. मी सुटकेचा श्वास टाकला. "बघ, उतरला!"

दोन-तीन किलोमीटरवर इंजिन खडखडलं आणि बंद पडलं.

घडलं ते असं. सिलिकॉन दाबाने फाटलं आणि पाणी निघून गेलं. तापमानाचा सेंडर पाण्याच्या मार्गात बसवलेला असतो, तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच उरलं नाही तर तो कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. म्हणजे मी ज्याला बरं होणं समजलो, ते इंजिन जळणं होतं.

अम्मी घाटात दगडावर बसून राहिली. ऑपरेशनची तारीख गेली, पुढची तीन आठवड्यांनी मिळाली. तेवढे दिवस ती चाचपडत वावरली. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, हेच जास्त लागलं.

गाडी ओढून उस्तादांकडे नेली. त्यांनी हेड उतरवलं, वर पोलादी पट्टी आडवी-तिरकी धरली आणि खालून फीलर गेजची पाती सरकवून दाखवली. अशा हेडला साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. माझी पाती त्याहून कितीतरी जाड होती. दोन सिलेंडरच्या मधलं गॅस्केट जळलं होतं. "सर," ते म्हणाले, "तुम्ही हात घातलात हे चुकलं नाही. हात घालून मध्येच सोडलंत, ते चुकलं."

म्हणून माझं मत असं आहे. "कंपनीवाल्याकडे द्या, तुम्ही हात लावू नका" म्हणणारे मला पटत नाहीत. व्हिडिओ पाहून रविवारी हेड उतरवणारेही पटत नाहीत. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, थर्मोस्टॅट हाउसिंग, तापमानाचा सेंडर ही घरी करण्यासारखी कामं आहेत. फक्त पूर्ण करावीत. जुनं पॅकिंग अ‍ॅल्युमिनियमला ओरखडे न पाडता साफ निघालं पाहिजे. टॅपेट कव्हरचे नट जीव खाऊन आवळले तर गळती थांबत नाही, वाढते. सिलिकॉन जास्त झालं तर आतल्या बाजूला त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइलच्या जाळीत अडकतात. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडू नये, कधीच.

मीटर खोटा आहे असा संशय असेल तर तपासा. इंजिन थंड असताना चावी ऑन करून सेंडरची वायर काढा आणि १२ व्होल्टचा छोटा बल्ब मध्ये घालून ती इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. काटा वर चढला तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर तीही अर्थिंग बिघडवू शकते. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नव्हतं. न तपासताच मीटरला खोटं ठरवलं होतं, कारण तो मला नको ते सांगत होता.

हेड गॅस्केटचं मात्र निदान आपण करावं, काम उस्तादांना द्यावं. बाहेर गळती नसताना पाणी कमी होणं, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइलचा दुधाळ रंग, या खुणा आपल्याला ओळखता याव्यात. पण टायमिंग बेल्ट जुळवणं, फेसिंग करून घेणं, बोल्ट मधून बाहेर ठरल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळणं हा वर्षांच्या सरावाचा हात आहे. त्या हाताला आपण "मिस्त्री" म्हणून हिणवतो आणि बिलावर घासाघीस करतो. शिक्षक म्हणून सांगतो, त्या दिवशी फीलर गेजच्या एका पातीने मला जेवढं शिकवलं तेवढं फार थोड्या वर्गांत शिकलो.

अम्मीचं ऑपरेशन नंतर नीट झालं. आता ती पुढच्या सीटवर बसली की आधी चष्मा पुसते आणि मीटरकडे बघते. परवा काटा जरा खाली दिसला, तर म्हणाली, "गाडी थांबव. पाणी बघ."

मी थांबवली. पाणी होतं. तरी थांबलो, हे बरं केलं.