विश्लेषण: अंगदुखीवर मालिश किती उपयोगी? चंद्रपूर-गडचिरोलीत चोळण्याआधी तपासणी का हवी?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे, मे महिन्यात तेंदूपत्ता संकलन आणि पावसाळ्यात धानाची रोवणी. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वर्षातली बरीच कामे कमरेत वाकूनच होतात. त्यामुळे कंबर, गुडघे, खांदे दुखू लागले की तेल लावून चोळणे हा घरोघरचा पहिला उपाय. तो चुकीचा नाही. पण सिकलसेल आणि कुष्ठरोगाचे रुग्ण आढळणाऱ्या या पट्ट्यात प्रत्येक दुखणे कष्टाचेच असेल असे नाही. म्हणून आधी दुखणे ओळखायला हवे, आणि ते ओळखणारी यंत्रणा गावाजवळ असायला हवी.

मालिशने नेमके काय होते?

कामाने आखडलेले स्नायू दाब आणि उबेने सैल पडतात. त्वचेला होणाऱ्या स्पर्शाचे संदेशही मज्जारज्जूकडे जातात आणि त्यामुळे वेदनेचे संदेश काही प्रमाणात दबतात. दुखरी जागा आपण नकळत चोळतो ती यामुळेच. वेदनेचा हा ‘दरवाजा’ सिद्धांत रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. अंग हलके झाले की झोपही बरी लागते.

मालिशने ‘शरीरातले विष बाहेर पडते’ या दाव्याला मात्र आधार नाही. मणक्याची सरकलेली गादी हाताने दाबून जागेवर बसवता येत नाही.

शास्त्रीय पुरावा काय सांगतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींवर जाईल, असा अंदाज आहे. संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम, रुग्णाला समजावून सांगणे आणि काही औषधांसोबत मालिशचाही पर्याय आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढण्याचे उपचार सरसकट करू नयेत, असेही त्यात म्हटले आहे. मालिशचा फायदा प्रामुख्याने थोड्या काळापुरता असतो, असे आतापर्यंतच्या अभ्यासांवरून दिसते. म्हणजे मालिश ही व्यायामाची जोडीदार आहे, त्याला पर्याय नाही.

घरी मालिश कशी करावी?

सुरुवात तळहाताने लांब, हलक्या हाताने करावी. नंतर कणीक मळावी तसे स्नायू मळावेत. गाठ जाणवली तर तिथे अंगठ्याने हळूहळू दाब द्यावा आणि शेवटी पुन्हा हलका हात फिरवावा. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. दाब मणक्याच्या हाडावर नको, त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर द्यावा. दुखणे वाढले की थांबावे. ‘जितके दुखेल तितके चांगले’ हा समज खोटा आहे.

तेलाचे मुख्य काम हात सहज फिरू देणे. मोहाच्या बियांचे, जवसाचे किंवा तिळाचे, घरात असेल ते चालते. महागड्या बाटलीची गरज नाही.

सिकलसेलचे दुखणे वेगळे कसे ओळखावे?

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडांना प्राणवायू कमी पडतो आणि तीव्र कळा सुटतात. थंडी, ताप, शरीरातले पाणी कमी होणे किंवा अति श्रम ही त्याची निमित्ते. हा आजार आदिवासी समाजापुरता नाही, विदर्भात इतर समाजांतही तो आढळतो.

लहान मूल किंवा तरुण हातपाय, पाठ दुखते म्हणून वारंवार रडत-कण्हत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, अंगात रक्त कमी असेल, तर चोळत बसू नये. साधी रक्तचाचणी करून घ्यावी. आजार असल्याचे निदान झाले असेल तर कळा येताना भरपूर पाणी, ऊब आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध महत्त्वाचे. हलका हात दिलासा देऊ शकतो. जोराने चोळू नये, बर्फ तर लावूच नये. या रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजू शकते. त्यामुळे तरुण वयात लंगडत चालणाऱ्याचा पाय ओढून ‘मोकळा’ करण्याचा प्रयत्न महागात पडू शकतो.

बधिरपणा असेल तर?

त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, हातापायाला मुंग्या येतात, पकड सैल झाली आहे, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. उपचार मोफत आहेत आणि आजार बरा होतो. बधिर भागावर गरम तेल किंवा शेक देऊ नये. भाजले तरी कळत नाही आणि जखम चिघळते. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी वरोऱ्यात १९४९ मध्ये आनंदवन उभे केले, त्या चंद्रपूर जिल्ह्यात ही खूण प्रत्येक घराला माहीत असायला हवी.

मालिश टाळून दवाखाना कधी गाठावा?

- पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखत असेल
- दुखण्यासोबत ताप, वजन घटणे किंवा रात्री घाम येत असेल. मणक्याचा क्षयरोगही असू शकतो
- पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला
- एकच पाय अचानक सुजून दुखू लागला. रक्ताची गुठळी असू शकते, चोळल्यास ती पुढे सरकण्याचा धोका असतो
- छातीत दुखते, दम लागतो

मग अडते कुठे?

दवाखाना गाठणे हेच इथे सोपे नाही. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटला आहे. मजुरी बुडवून तालुक्याला जाण्यापेक्षा जवळच्या दुकानातली गोळी किंवा मिळेल त्याच्याकडून घेतलेले इंजेक्शन सोयीचे वाटते. वेदनाशामक गोळ्या सल्ल्याविना महिनोन्‌महिने घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडाला इजा होते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंड आधीच नाजूक असते.

चातगावजवळच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने कंबरदुखीकडे गंभीरपणे पाहिले. मुंबईचे मणकाविकार तज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज यांच्या सहकार्याने तिथल्या रुग्णालयात मणक्याच्या शस्त्रक्रियांची शिबिरे होतात. पण बहुतेक कंबरदुखीला शस्त्रक्रिया लागत नाही. तिला व्यायाम शिकवणारा, कामाची पद्धत सुधारून देणारा आणि धोक्याची खूण ओळखणारा माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे फिजिओथेरपिस्ट. त्याची ठरावीक दिवशी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हजेरी असावी. आशाताईंच्या गृहभेटीत दुखण्याविषयी चार प्रश्नांची भर पडावी: कधीपासून, ताप आहे का, बधिरपणा आहे का, सिकलसेलची चाचणी झाली का? केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य आहे. त्या तपासणीचे कार्ड घरात असेल, तर तेलाची वाटी हाती घेण्याआधीच अर्धे उत्तर मिळालेले असेल.

वेदना साध्या वाटतात म्हणून आरोग्य यंत्रणेच्या यादीत त्या तळाला राहतात. पण रोजीच ज्यांच्या कमरेवर चालते, त्यांच्यासाठी कंबरदुखी म्हणजे थेट बुडालेली मजुरी. मालिश घरात होत राहील, व्हावीही. दुखण्याचे निदान मात्र घरावर सोडून चालणार नाही.