काचेच्या पेटीतले तळे

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी दोन्ही काठांवरील वस्त्यांत शिरले, आणि फतेगंजच्या सखल भागातही पुष्कळ घरांना वरच्या मजल्याचा आश्रय घ्यावा लागला. पूर ओसरल्यावर जी गाऱ्हाणी कानी आली त्यांत भिजलेले गहू, बिघडलेले शीतकपाट, मगरीची भीती हे सारे होतेच. पण त्या गर्दीत एक लहानसे गाऱ्हाणे असेही होते की, वीज गेली, हवेचा पंप थांबला आणि दुसऱ्या दिवशी काचपेटीतले मासे उलटे होऊन तरंगू लागले. मोठ्या संकटापुढे याची मातब्बरी ती काय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरातील मुलाने आपल्या हाताने त्या माशांना रोज सकाळी चिमूटभर खाद्य घातले होते, त्या घरात ही गोष्ट लहान नव्हती. याउलट काही घरांतील मासे तितकाच वेळ विजेवाचून राहूनही सुखरूप राहिले. हा फरक दैवाचा नसून पेटीच्या रचनेचा होता, आणि म्हणूनच आजच्या लेखासाठी तो विषय घेतला आहे.

आपण ज्याला मत्स्यालय म्हणतो आणि आपले गुजराती शेजारी ज्याला माछलीघर म्हणतात, त्याची शास्त्रीय उभारणी पंपाच्या बळावर झालेलीच नाही. १८४९ साली लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सुमारे बारा गॅलनांच्या एका काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले, तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, आणि पाणी पुन्हा निवळशंख झाले. मासा, वनस्पती व गोगलगाय या तिघांचा हा संसार त्याने दुसऱ्या वर्षी तेथील रसायनशास्त्र मंडळापुढे मांडला. पुढे १८५४ मध्ये फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ‘अॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर पोहोचविला. त्या काळी वीज कोठे होती? सारी भिस्त वनस्पतींवर होती.

गंमत अशी की, ही व्हॅलिस्नेरिया आपल्या देशातील तळ्यांत आणि संथ ओढ्यांत आपोआप वाढते. फितीसारखी लांब हिरवी पाने, मुळाशी धावते कोंब, आणि त्या कोंबांतून निघणारी नवी रोपे. मराठीत मात्र आपण हिलाही शेवाळ म्हणतो, हायड्रिलालाही शेवाळ म्हणतो आणि काचेवर चढणाऱ्या हिरव्या बुळबुळीत थरालाही शेवाळच म्हणून मोकळे होतो. वस्तुतः पहिल्या दोन मुळे, पाने व फुले असलेल्या वनस्पती आहेत. व्हॅलिस्नेरियाचे फुलणे तर पाहण्याजोगे असते. मादीफूल लांब देठावर चढत पाण्याच्या पृष्ठभागावर येते. नरफुले तळाशी देठापासून सुटतात, वर येऊन पाण्यावर तरंगत तरंगत तिच्यापाशी पोहोचतात. आणि परागण होताच तो देठ स्प्रिंगसारखा वेटोळे घेऊन फळाला पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो. शाळेच्या पुस्तकात हे चित्र अनेकांनी पाहिले असेल.

सातारच्या कास पठारावर वायतुरा म्हणून एक जलवनस्पती फुलते. पेट्यांसाठी ज्या अॅपोनोजेटॉनचे कंद विकले जातात, त्याच कुळातील ती. दोन फाट्यांच्या तुऱ्यामुळे ती चटकन ओळखता येते. जगात ती अत्यंत थोड्या जागी उरली आहे, म्हणून सहलीस गेलेल्या मंडळींनी ती पाहावी, तिचा कंद मात्र उपटून आणू नये. पेटीसाठी व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, जावा मॉस आणि क्रिप्टोकोरीन एवढे पुरे. पहिल्या दोन झपाट्याने वाढतात, आणि नव्या पेटीला झपाट्याने वाढणाऱ्याच वनस्पती हव्यात. का, ते पुढे येईल.

दुकानात आजही पेटी आणि मासे एकाच संध्याकाळी एकाच पिशवीतून विकले जातात. मुलाचा वाढदिवस असतो, घाई असते. आठवड्याने एकेक मासा मरू लागतो आणि दोष पाण्याला किंवा दृष्टीला दिला जातो. खरे कारण डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून अमोनिया पाण्यात उतरतो, आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते बऱ्याच प्रमाणापर्यंत मासे सोसतात. हे जिवाणू वाळूवर, पानांवर आणि फिल्टरच्या स्पंजावर हळूहळू वस्ती करतात. त्या वस्तीला सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. विरजणाला जसा वेळ द्यावा लागतो, तसाच हा प्रकार. आणि विरजणाप्रमाणेच येथेही जुन्या चालू पेटीतील मूठभर वाळू वा स्पंजाचा तुकडा मिळाला, तर काम लवकर होते. वनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात, म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती पहिल्या दिवसापासून दाट लावाव्यात आणि मासे नंतर, दोन-चार करून सोडावेत. फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली कधीही धुवू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरिन ती सारी वस्ती एका धुण्यात मारून टाकतो. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

आता बडोद्याच्या पाण्याविषयी. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९२ मध्ये पुरे झालेले आजव्याचे सरोवर या शहराला पाणी पुरवीत आले आहे. महीकाठच्या विहिरींचेही पाणी येते. आणि कित्येक सोसायट्यांत बोअरचे पाणी मिसळते. बोअरचे पाणी बहुधा जड असते. बादलीच्या कडेला जे पांढरे पुट बसते, ते त्याचेच लक्षण. अशा पाण्यात अॅमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी ओढ्यांतला निऑन टेट्रा आणून सोडायचा आणि तो टिकत नाही म्हणून हळहळायचे, यात शहाणपण नाही. पाणी बदलून माशाला शोभेसे करण्यापेक्षा पाण्याला शोभेसा मासा निवडणे मला केव्हाही पसंत आहे.

असा मासा शोधण्यास दूर जावे लागत नाही. जगभरच्या पेट्यांत आणि प्रयोगशाळांत पोहणारा झेब्रा हा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि रोझी बार्बचेही त्याच ग्रंथात केले. आपल्या दख्खनच्या माशांची नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केली, आणि तीत काही माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी देशी नावेच उचलली. ‘खुद्री’, ‘फुलंगी’ ही नावे त्यामुळे आजही लॅटिनच्या पोशाखात जगभर वावरतात. हे मोठे नदीमासे काही पेटीत मावणारे नव्हेत. केरळातील डेनिसन बार्ब मात्र पेटीसाठी नद्यांतून इतका उपसला गेला की आज तो संकटग्रस्त ठरला आहे. २०१३ मध्ये त्याच्या नव्या गणाला नाव मिळाले ते ‘सह्याद्रिया’! नाव मिळाले आणि नद्या रिकाम्या होत गेल्या.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू व काच धरून वजन सहज ऐंशी किलोच्या घरात जाते, तेव्हा डगमगत्या टेबलावर ती ठेवू नये. एवढ्या पेटीत आठ झेब्रा आणि लहान गुरामींची एक जोडी ही माझ्या मते उत्तम वस्ती होय. वॉरिंग्टनच्या आठवणीसाठी चार गोगलगाईही असाव्यात. झेब्रा कळपाने राहतो. एकटादुकटा ठेवला तर तो बुजतो किंवा इतरांना छळतो. तो उडीही मारतो, म्हणून झाकण हवे. गुरामी हा बंगालकडचा आणि मोठा सोशिक. त्याला कल्ल्यांखेरीज हवा घेण्याचा एक निराळा अवयव असतो, आणि पृष्ठभागाशी येऊन तो सरळ हवेचा घोट घेतो. टायगर बार्ब दिसावयास देखणा, परंतु शेजाऱ्यांचे लांब पर कुरतडण्याची त्याला खोड. एंजल लहान असेतो गरीब दिसतो. मोठा झाला की लहान मासे गिळतो. रोझी बार्ब कोवळी पाने खातो आणि या पेटीस जरा मोठाच होतो. गोल्डफिश वनस्पतींच्या पेटीत नकोच, आणि वाटोळ्या बरणीत तर मुळीच नको. तो वीतभर वाढणारा, भरपूर घाण करणारा मासा आहे. बरणीतला गोल्डफिश ही शोभा नसून कैद आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बडोद्याचा मे महिना ही खरी परीक्षा. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांवर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांवर जेमतेम साडेसात. आणि नेमके उष्म्यातच माशांना तो जास्त लागतो. यावर साधा उपाय म्हणजे पृष्ठभागावर लहान पंखा सोडणे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पेटीचे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती फारशी चालत नाही. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. वरचेवर बोअरच्या पाण्याने भर घातली, तर पेटीतले पाणी महिन्यागणिक जड होत जाते. म्हणून उडून गेलेल्या पाण्याची भर मऊ पाण्याने घालावी, आणि आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून, एक दिवस उघडे ठेवलेले नवे पाणी घालावे.

खाद्याच्या बाबतीत आपल्या संस्कारांशी थोडे भांडावे लागते. सुरसागराच्या काठी उभे राहून माशांना कणकेच्या गोळ्या घालणे हे पुण्यकर्म मानले जाते, आणि तोच हात घरच्या पेटीवरही सढळ पडतो. आजी घालते, मग नातू घालतो, संध्याकाळी आलेला पाहुणाही घालतो. मासा मागत राहतो, कारण मागणे हा त्याचा स्वभावच आहे. दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे, तेही एकाच्या हातून, आणि आठवड्यात एक दिवस उपास घडवावा. एकादशी पाळणाऱ्या घरांना हा नियम जड जाऊ नये.

वीज जाते तेव्हाचे आता सांगतो. दिवसा उजेडात वनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री त्याही माशांप्रमाणे तो घेतात. म्हणून पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. सुरसागरात मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि तळ्यांतील मासे बहुधा पहाटेच का मरतात याचे इंगित यात आहे. म्हणजे वनस्पती असल्या की निर्धास्त, असे नव्हे. पुरात ज्या पेट्या तगल्या त्या तगल्या मुख्यतः मासे मोजके होते म्हणून. वनस्पतींनी अमोनिया शोषला, जिवाणूंची वस्ती केवळ फिल्टरात नव्हे तर वाळूत आणि पानापानांवर पसरलेली होती, आणि रात्रीच्या प्राणवायूवर खाणारी तोंडे थोडी होती. पंपाच्या भरवशावर वीस-वीस मासे कोंबलेल्या पेटीला मात्र पंप थांबताच काही तासांचेच आयुष्य उरते.

अशा वेळी प्रथम खाद्य बंद करावे. निरोगी मासे तीन-चार दिवस उपाशी सहज राहतात. झाकण काढून वर जाळी टाकावी. तांब्याने पेटीतले पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओतावे, असे दहा-वीसदा, दर दोन-तीन तासांनी, आणि पहाटे चुकवू नये. मुलांना हे काम फार आवडते. कार्बन वायूचे नळकांडे लावलेले असेल, तर ते तत्काळ बंद करावे. घरात इन्व्हर्टर असेल तर हवेचा लहान पंप त्यावर खुशाल चालवावा, त्याला विजेच्या लहान दिव्याइतकीही वीज लागत नाही. आणि वीज आल्यावर बंद डब्याचा फिल्टर तसाच सुरू करू नये. कोंडलेल्या पाण्यात जिवाणू मरून सडलेले असतात, आणि ते विष एका झटक्यात पेटीत येते. आधी स्पंज पेटीच्या पाण्यात पिळून घ्यावा, डब्यातले पाणी फेकावे, मगच बटण दाबावे.

एक प्रश्न उरतो, आणि तो घराबाहेरचा आहे. घर बदलताना, परदेशी मुलांकडे जाताना, किंवा नुसता कंटाळा आला म्हणून, लोक पेटीतले मासे विश्वामित्रीत नेऊन सोडतात आणि त्यांना मुक्ती दिल्याचे समाधान मानतात. दक्षिण अमेरिकेतून आलेला, काच चाटणारा सकर मासा अशाच वाटेने बाहेर पडला असावा. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींत त्याने देशी माशांची आणि कोळ्यांच्या जाळ्यांची दैना केली आहे. गप्पी मासा तर आपल्या येथे मुद्दाम आणलेला. डासांच्या अळ्या खातो म्हणून १९१० च्या सुमारास तो भारतात आला, आणि १९८३ पासून बडोद्याशेजारच्या नडियाद तालुक्यात हिवताप रोखण्याचा जो प्रयोग झाला, त्यात गप्पीचा पुष्कळ उपयोग केला गेला. आरोग्य खात्याने हिशेबाने टाक्या-डबक्यांत सोडलेला गप्पी वेगळा, आणि आपण नदीत ओतलेली बादली वेगळी. नको झालेले मासे दुकानदाराला परत द्यावेत, ओळखीच्या घरी द्यावेत. छाटलेली हायड्रिला गटारात टाकू नये, तिचा बोटभर तुकडाही नव्या जागी रुजतो. ती गच्चीत कडकडीत वाळवून मगच फेकावी. आठवड्याला काढलेले पाणी मात्र एक थेंबही वाया घालवू नये. नायट्रेटमुळे ते झाडांना उत्तम खत होते, आणि उन्हाळ्यात कुंडीतली कढीपत्त्याची रोपे त्यावर फार छान तरारतात.