घाईचे पैसे

मोटार शिकवणारे क्लास आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पार्सल पोचवायला शिकवणारा क्लास मात्र माझ्या पाहण्यात नाही. त्यात शिकवायचं काय, असं आपलं एकंदर मत. पोराला दुचाकी येते, खिशात मोबाईल आहे आणि नोकरी नाही. झाला डिलिव्हरी बॉय!

आमच्या सोसायटीत येणाऱ्या एकाला परवा विचारलं, "काय रे, कामावर घेताना शिकवलं काय?"

"व्हिडिओ दाखवला ना काका. हेल्मेट घाला, सिग्नल पाळा, कस्टमरला थँक्यू म्हणा."

"आणि मग?"

"मग पहिली ऑर्डर आली."

एवढं बोलून तो तीन-तीन पायऱ्या गाळत जिना उतरला. जिन्याचा धडा व्हिडिओत नसावा.

अमेरिकेत 'यूपीएस' नावाची पार्सलं पोचवणारी जंगी कंपनी आहे. तिनं २००७ साली मेरिलंडमध्ये नव्या ड्रायव्हरांसाठी चक्क शाळा काढली. सरावाला लुटुपुटूचं गाव. निसरड्या जमिनीवर तोल कसा सावरावा याचाही तास. शिकणारा आपटू नये म्हणून त्याला वरून पट्ट्यांनी बांधलेलं असतं. एक गृहस्थ हे ऐकून खो खो हसले. "घसरायला शाळा कशाला?" बरोबरच आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ही शाळा नगरपालिका रस्त्यावरच चालवते. फक्त वरून बांधत नाही.

त्या कंपनीचं आणखी एक ऐका. समोरून येणाऱ्या गाड्यांना कापून शक्यतो वळावं लागू नये, असा रस्ता ती स्वतःच आखून देते. म्हणजे काळजी घेणं हे एकट्या ड्रायव्हरचं काम नव्हे, मालकाचंही आहे. आपलं गाडं अडतं ते इथंच.

'डॉमिनोज' अमेरिकेत तीस मिनिटांत पिझ्झा पोचवण्याची हमी देत असे. १९८९ साली सेंट लुईसमध्ये तिच्या एका ड्रायव्हरनं सिग्नल तोडून एका बाईंच्या गाडीला धडक दिली. १९९३ साली ज्यूरीनं कोट्यवधी डॉलरची भरपाई ठोठावली, आणि कंपनीनं तिथली ती हमी गुंडाळली. एका पिझ्झ्यापायी एवढा उजेड पडला!

आपल्याकडे 'हेल्मेट घाल' म्हणणारा मालक आणि मिनिटं मोजणारा मालक एकच. पैसे ऑर्डरमागे. सुरक्षिततेचा धडा फुकट आणि घाईचे मात्र पैसे मिळतात. कुठलाही हुशार विद्यार्थी कुठला धडा गिरवील? मग अपघात झाला की सगळे म्हणणार, "पोरं बेफाम चालवतात हो!"

तेव्हा व्हिडिओ राहू द्या. नव्या पोराला आठ दिवस जाणत्या माणसाबरोबर फिरवा आणि त्या आठ दिवसांचा पगार द्या. सकाळी ब्रेक आणि टायर बघायला वेळ द्या. पावसात वेळ वाढवून द्या. सिग्नलला थांबल्यामुळे उशीर झाला, तर त्याचा एकही तारा कापणार नाही, असं लिहून द्या.

"मग भाव वाढतील!" कुणीतरी ओरडणारच. वाढू द्या की! कोथिंबिरीची जुडी अर्ध्या तासानं आली म्हणून आमटी रुसून बसल्याचं ऐकिवात नाही. ती जुडी आणणाऱ्याची मात्र रात्री घरी कुणीतरी जेवायची थांबून वाट पाहत असतं.