पाने मोजले का?

माझी एक जाहीर मागणी आहे आणि ती मी आधीच सांगून टाकतो. मोटारीच्या इंजिनात पडलेला पाना बाहेर काढणाऱ्या माणसाचं कौतुक करणं आपण ताबडतोब बंद केलं पाहिजे.

मागणी जरा निर्दय वाटेल, कारण पाना काढणं ही आपल्याकडे एक सार्वजनिक कला आहे. मिस्त्रीच्या हातून बारा-तेराचा पाना निसटतो. खण्ण असा एक आवाज होतो, मग खोल कुठेतरी दुसरा बारीकसा खण्ण होतो, आणि त्यानंतर जी शांतता पसरते ती मी एरवी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी घरोघरी पाहिली आहे. मग माणसं जमतात. शेजारचा पंक्चरवाला येतो, समोरचा चहावाला किटलीसकट येतो. रस्त्यानं जाणारा एक गृहस्थ स्कूटर स्टँडला लावून येतो. अशा गृहस्थांना आयुष्यात कुठेच वेळेवर पोचायचं नसतं. प्रत्येकाजवळ एकेक सूचना असते. "गाडी हलवा." "हलवू नका, आणखी आत जाईल." "लोहचुंबक सोडा." "तार वाकवून घाला."

जुन्या अँबॅसडरच्या काळी हे एवढं अवघड नव्हतं. बॉनेटखाली ऐसपैस जागा असे. पडलेला पाना बहुधा सरळ जमिनीवर येई आणि मिस्त्री तो पायानं ओढून घेई. ती गाडी निघायची २०१४ साली बंद झाली. आताच्या गाडीत इंजिन, एसी, बॅटरी आणि नळ्या संध्याकाळच्या लोकलमधल्या उतारूंसारख्या उभ्या असतात. पाना आत चढतो, पण त्याला उतरता येत नाही. शिवाय कित्येक गाड्यांना इंजिनाखाली प्लास्टिकचं एक ताटही बसवलेलं असतं. म्हणजे पडलेल्या वस्तूची राहण्याची सोय कारखान्यातूनच झालेली असते.

माझ्या गाडीत हा सोहळा दीड तास चालला. तारेला बांधलेलं लोहचुंबक आत सोडलं, तर ते वाटेतल्या प्रत्येक लोखंडी वस्तूला कडकडून भेटत होतं, फक्त पान्याला सोडून. शेवटी मिस्त्री गाडीखाली शिरला, त्यानं ताट सोडवलं आणि पाना हातात धरून तो बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहावाल्यानं त्याला फुकट चहा दिला. पण मिस्त्रीच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, कारण त्याच्या दुसऱ्या हातात आणखी एक पाना होता. आठ-नऊचा. गंजलेला.

"हा आपला नाय, साहेब," तो म्हणाला.

मग कुणाचा? आधीच्या एखाद्या सर्व्हिसिंगचा असणार. कुठल्या गॅरेजचा, किती वर्षांपूर्वीचा, देव जाणे. तो पाना आमच्या कुटुंबाबरोबर दोनदा महाबळेश्वरला जाऊन आला होता. आंबेनळीच्या घाटात "कसला तरी आवाज येतोय हो" असं आमच्या सौभाग्यवतींनी म्हटलं होतं, तो आवाज ह्याच प्रवाशाचा असावा. त्याच्यासाठी कुणी जमलं नाही, कुणी तार वाकवली नाही, कुणी चहा दिला नाही. कारण तो हरवलाय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. हरवलाय हे कळलं तरच माणूस पाना शोधतो. आणि हरवलाय हे कळायला एकच उपाय आहे: काम संपल्यावर, बॉनेट पाडण्यापूर्वी, पाने मोजणे.

ह्यावर लगेच कुणीतरी म्हणेल, "एवढं काय त्यात? गाडी चालली ना?" चालली, खरं आहे. पण सुटा पाना उडून पट्ट्यात सापडला, तर पट्टा तुटतो. तोच बॅटरीचं टोक आणि गाडीचा पत्रा यांना एकदम टेकला, तर नुसती ठिणगी उडून भागत नाही. पान्याचं सोडा, प्लगच्या भोकातून एखादा नट जरी सिलिंडरमध्ये पडला तरी पुरे. पिस्टन वर येतो तेव्हा तिथं नटाला अंग चोरायला जागा नसते. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर तो पिस्टन मिनिटाला दोन हजार वेळा वर येतो. त्यानंतर जे बिल येतं ते उभ्यानं वाचू नये.

आणि पडलेल्या हत्याराला 'क्षुल्लक' म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातली १९८० सालची हकिकत ऐकावी. दमास्कस नावाच्या गावाजवळ जमिनीखाली एक टायटन क्षेपणास्त्र उभं करून ठेवलेलं होतं. १८ सप्टेंबरला तिथं देखभालीचं काम चालू असताना पान्याची गोटी निसटली. गोटी साडेतीन-एक किलोची. ती सत्तर-ऐंशी फूट खाली गेली, आपटून उसळली आणि तिनं इंधनाच्या टाकीला भोक पाडलं. पहाटे स्फोट झाला. एक जवान दगावला, अनेक जखमी झाले आणि क्षेपणास्त्राच्या टोकावरचा अणुबॉम्ब बाहेर जाऊन पडला. तो फुटला नाही, म्हणून पुढचा इतिहास आहे तसा आहे. ज्यांनी चंद्रावर माणूस उतरवला, त्यांच्याकडची ही गोटी. आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजातली गोटी काय मोठी संस्कारी असणार?

दुसरा आक्षेप अधिक भावनाप्रधान असतो. "काम करणाऱ्याच्याच हातून पडतं, साहेब." अगदी मान्य! पाना पडणं हा गुन्हा नाही. २००८ साली अंतराळ स्थानकाबाहेर काम करणाऱ्या एका अंतराळवीर बाईंची हत्यारांची अख्खी पिशवी निसटून गेली. पण पिशवीत काय काय होतं ह्याची यादी होती, आणि २००९ मध्ये वातावरणात जळून खाक होईपर्यंत त्या पिशवीवर पृथ्वीवरून नजर होती. अवकाशात हरवलेल्या पिशवीचा ठावठिकाणा लागतो, आणि बॉनेटखालचा आठ-नऊचा पाना बेपत्ता राहतो!

तिसरा आक्षेप सगळ्यात नाजूक. मोजायला सांगितलं की मिस्त्रीला राग येतो. "आमच्यावर भरवसा नाय का?" इथे मात्र मला थट्टा करवत नाही. १९६३ साली तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी आलेल्या एका बाईच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी कापडाचा बोळा राहिला. ती बाई गेली. निष्काळजीपणाची जबाबदारी राज्य सरकारची, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १९९६ मध्ये. तेहतीस वर्षांनी! तिथेही डॉक्टर शिकलेले होते, आणि तिथेही कुणाच्या मनात वाईट नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणीची जी यादी काढली, तिच्यात रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी परिचारिकेनं हत्यारं, बोळे आणि सुया मोजल्याचं तोंडानं सांगायचं आहे. मोठ्यातला मोठा सर्जन ते ऐकून घेतो. त्याचा अपमान होत नसेल, तर आमच्या मिस्त्रीचा का व्हावा?

बरं, मोजायला काही लाखांची यंत्रं लागतात असंही नाही. विमानांच्या दुरुस्तीखात्यात भिंतीवर फळी असते, तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. पाना जागेवर नसला की आकृती उघडी पडते. आपल्या आज्यांची मांडणी दुसरं काय होती? एक पेला कमी असला तर आजीला तो अंधारातही कळत असे.

मोजणं आपल्या रक्तात नाही, हे तर मला मुळीच पटत नाही. कुठल्याही मंगल कार्यालयात जाऊन बघा. वरात निघाली, मुलीचा बाप डोळे पुसतोय, सनईवाला शेवटचं वाजवतोय आणि आत कोठीच्या दारात मॅनेजर वाट्या मोजतोय. दोन वाट्या कमी भरल्या तर तो विहिणीची पिशवीही उघडायला लावायला कमी करत नाही. त्याला कुणी म्हणत नाही की तुमचा वऱ्हाडावर भरवसा नाही. ज्या समाजाला श्रीखंडाच्या वाटीची एवढी काळजी आहे, त्याला ताशी ऐंशीच्या वेगानं धावणाऱ्या इंजिनातल्या लोखंडाची नसावी?

नसते, कारण मोजणाऱ्याभोवती गर्दी जमत नाही. त्याच्या कामात खण्ण नाही, शांतता नाही, टाळ्या नाहीत. त्यानं काम चोख केलं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल हार घालायची आपल्याकडे पद्धत नाही.

ती पाडायची असेल तर खर्च मी करायला तयार आहे. गॅरेजवाल्यांनी बिलात शेवटची एक ओळ वाढवावी: 'पाने मोजण्याची मजुरी, रुपये पन्नास.' ऑइलच्या किमतीवरून मी घासाघीस करीन, मजुरीवरून करीन, पुसायच्या फडक्याचे वीस रुपये कशाला म्हणून भांडीन. ह्या पन्नास रुपयांबद्दल मात्र ब्र काढणार नाही.