वर्दी घरी कोण देणार?

मनमाडला 'फायरमन' म्हणजे आग विझवणारा, असा अर्थ पुष्कळ वर्षे नव्हताच. आग पेटती ठेवणारा तो फायरमन. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरशेजारी उभा राहून भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा. आग विझवायला येत ते 'बंबवाले'. पुढे वाफेची इंजिने गेली, मीटरगेज गेले आणि हा शब्द रिकामा झाला. आता तो नगरपालिकेच्या लाल गाडीवरच्या माणसाला मिळाला आहे. शब्द मिळाला, पण जुन्या फायरमनच्या बायकोपाशी जे होते, ते नव्या फायरमनच्या बायकोपाशी नाही. आज त्याबद्दल लिहायचे आहे.

काय होते तिच्यापाशी? रेल्वेची कॉलनी होती. रात्री-अपरात्री 'कॉलबॉय' येऊन दारावर थाप मारी आणि अमक्या गाडीवर ड्यूटी लागली म्हणून सांगे. ती थाप चार घरांत ऐकू जाई. सकाळी नळावर कोणी न सांगताही सगळ्यांना ठाऊक असे, की हिचा नवरा भुसावळकडे गेला आहे. गाडीला फार उशीर झाला, तर कोणाचा तरी मुलगा सायकलवर टांग टाकून शेडमध्ये विचारून येई. दिवाळी नवऱ्याविना करणे, अर्ध्या रात्री स्टोव्ह पेटवून डबा भरणे, दिवसा झोपलेल्या माणसासाठी पोरांना गप्प बसवणे, हे एका घराचे नव्हते. सगळ्या ओळीचे होते. कॉलनीत भांडणे होत नसत असे नाही. पण वाट पाहणारी बाई एकटी नसे.

मोठ्या शहरांत अग्निशमन केंद्राला लागून कर्मचाऱ्यांची घरे असतात. लहान गावातला फायरमन बहुधा भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला कांद्याचा व्यापारी. फोन वाजतो, तो निघतो. आगीची वर्दी केंद्राला मिळते, पोलिसांना मिळते, वीज कंपनीला मिळते. घराला वर्दी देणे हे मात्र कोणाचेच काम नसते. घराला ती मिळते शेजाऱ्याच्या मोबाइलवर आलेल्या व्हिडिओतून. ज्वाळा दिसतात, हेल्मेट घातलेली चार माणसे दिसतात, आणि त्यांतला आपला कोणता ते कळत नाही.

बँकेत अधिकारी असताना अशा एका बाईंशी माझी ओळख झाली. पासबुक भरून होईपर्यंत त्या बोलत बसत. नवऱ्याच्या जिवाची धास्ती त्यांना होतीच, पण तक्रार ती नव्हती. तक्रार अशी, की ही धास्ती बोलायला माणूस नाही. माहेरी सांगावे तर आई रडते. नवऱ्याला सांगावे तर तो हसण्यावारी नेतो, नाहीतर चिडतो. शेजारणीला सांगावे तर ती म्हणते, नगरपालिकेची नोकरी आहे, आणखी काय हवे? आगीवरून आलेला माणूस दोन-दोन दिवस बोलत नाही, लेकराला जवळ घेत नाही. असे का होते आणि ते किती दिवसांत निवळते, हे त्यांना दुसऱ्या फायरमनची बायकोच सांगू शकली असती. ती चार गल्ल्या सोडून राहत होती. दोघींची कधी भेट झाली नव्हती.

मनमाडसाठी ही गोष्ट किरकोळ नाही. जवळच पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, रस्त्यावर टँकर आहेत, धान्याची गोदामे आहेत, रेल्वेचा कारखाना आहे. इंधनाच्या काळ्या धंद्याचे क्रौर्यही या गावाने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी इंधनभेसळ रोखू पाहणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इथेच जिवंत जाळण्यात आले. डेपोंची स्वतःची अग्निशमन व्यवस्था असते. पण गावात, बाजारात, शिवारात काही पेटले की नगरपालिकेचा बंबच निघतो. त्यात पाण्याची रड. वागदर्डी धरणाने तळ गाठला की नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही, असे दिवस मनमाडने वर्षानुवर्षे काढले. घरात तांब्या-तांब्याने पाणी मोजणाऱ्या बाईचा नवरा टाकीभर पाणी घेऊन आगीवर जातो, आणि ते पुरेल ना, ही काळजीही तीच करते.

वीरांची आठवण आपण ठेवतो, हे खरे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन आणि पुढे २० तारखेपर्यंत सप्ताह पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीची जुनी इमारत आगीत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी पुढे रुग्णालयात प्राण सोडले. त्या पुढच्या दिवसांत रुग्णालयाच्या बाकावर बसून राहिलेल्या घरच्यांचे काय झाले असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. अशा बाकावर शेजारी कोण बसले आहे, यावर पुष्कळ काही ठरते.

१९८६ साली २६ एप्रिलला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हा आधी धावलेल्यांत वासिली इग्नातेन्को हा तरुण फायरमन होता. तीन आठवड्यांच्या आत तो मॉस्कोच्या रुग्णालयात गेला. त्याची पत्नी ल्युदमिला हिची हकीकत स्वेतलाना अलेक्सिएविच यांच्या पुस्तकाच्या आरंभीच आहे. हे जोडपे केंद्राच्याच इमारतीत राहत होते. खाली बंब, वर तरुण संसार, स्वयंपाकघर सगळ्यांचे मिळून एक. त्या सकाळी या बायका रुग्णालयाकडे धावल्या तेव्हा कोणाला कोणाची ओळख करून द्यावी लागली नाही. पुढचे दुःख ज्याचे त्यालाच भोगावे लागले. पहिला तास मात्र वाटून घेता आला.

तो पहिला तास आपल्या गावातल्या बायकांना मिळवून देणे अवघड नाही. प्रत्येक केंद्रात एक माणूस नेमावा, ज्याचे काम एवढेच, की मोठ्या वर्दीनंतर घरी फोन करायचा: गाडी पोचली, माणसे ठीक आहेत, उशीर होईल. घरच्यांच्या नंबरांचा एक कागद भिंतीला लावायला पैसे लागत नाहीत. १४ एप्रिलला तर गावात डॉ. बाबासाहेबांच्या जयंतीची धामधूम असते आणि बंब बंदोबस्ताला असतो; म्हणून सप्ताहातली दुसरी एखादी संध्याकाळ या कुटुंबांसाठी ठेवावी. भाषणे नकोत. बायकांनी एकमेकींना पाहावे, फोन नंबर घ्यावेत, पोरांनी बंबावर चढावे. मनमाड, नांदगाव, येवला, मालेगाव मिळून केले तर उत्तमच. नेमणूक ठेकेदारामार्फत असेल, तर त्या घराला आधी बोलवावे. त्याची बाजू सर्वांत उघडी असते.

आणि एक बँकेतल्या सवयीचे बोलणे. नवऱ्याच्या खात्यावर, विम्यावर, भविष्यनिर्वाह निधीवर कोणाचे नाव आहे, हे किती घरांत बायकोला ठाऊक असते? लग्नाआधी आईचे किंवा भावाचे नाव घातलेले तसेच राहून जाते. बँक खात्याचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे स्वीकारणारा. खरा हक्क वारसाचा. पण तो मिळवताना महिने जातात आणि घरभाडे थांबत नाही. खाते दोघांच्या नावे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असावे. हे बोलणे अभद्र वाटते म्हणून घरात टळते. दहा बायका एकत्र बसल्या की एकीने विषय काढला तरी दहा घरांची कागदपत्रे सरळ होतात.

नगरपालिका हे करील तेव्हा करील. तोवर आपल्या गल्लीत फायरमनचे घर कोणते, एवढे तरी माहीत करून घ्यावे. पुढच्या खेपेला भोंगा ऐकू आला, तर आगीचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी त्या घरी जाऊन बसावे. फार बोलायची गरज नाही. चहा मात्र आपल्या घरून न्यावा.