भिंतीतली ओल कोणाच्या माथी?

पाऊस लागून महिना लोटला की मुंबई-ठाण्याच्या भाड्याच्या घरांतून एक जुनाच तंटा नव्याने उभा राहतो. मे महिन्यात रंगाचा हात फिरवून ताब्यात दिलेल्या खोलीत, खिडकीच्या खालच्या अंगाला, आधी रंगाचे फुगे येतात, मग पोपडे सुटतात, आणि कपाट पुढे ओढून पाहावे तो त्याच्या पाठीमागे काळ्या ठिपक्यांची बुरशी हातभर पसरलेली असते. कपड्यांना कुबट वास येतो, आणि घरात दम्याचे माणूस असेल तर त्याला रात्रीच्या रात्री बसून काढाव्या लागतात. तक्रार करावी तर ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळत घालता’ हे मालकाचे उत्तर ठरलेले.

या उत्तरात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. स्वयंपाकाची वाफ कोंडली, भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे हवा खेळली नाही, तर बुरशी धरते, आणि ती पुसणे, कपाट चार बोटे पुढे घेणे हे राहणाऱ्याचे काम होय. परंतु बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून, गच्चीतून अथवा वरच्या बिऱ्हाडाच्या मोरीतून पाणी झिरपत असेल, तर अष्टौप्रहर खिडक्या उघड्या ठेवूनही काय साधणार? हे दोन प्रकार ओळखण्यास बहुधा तज्ज्ञही लागत नाही : वाफेची बुरशी पृष्ठभागावर असते व पुसली की निघते, झिरपणाऱ्या पाण्याने प्लास्टर भुसभुशीत होते, त्यावर पांढरा लोणा फुटतो, आणि उघडीप पडताच फिकटलेला डाग पुढच्या सरीबरोबर पुन्हा गडद होतो.

पाणी जिथून आले तिथे जबाबदारी, हाच न्याय मला मान्य आहे, आणि कायद्याचाही कल तिकडेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ प्रमाणे, विरुद्ध करार नसेल तर, जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवण्यास मालक बांधलेला आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत हयगयच केली, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वजा करावा, मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक नसावी, अशी त्यात तजवीज आहे.

खरी अडचण पुढेच आहे. आज असंख्य कुटुंबे अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहतात, आणि अशा करारान्वये राहणारा हा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नव्हे. त्याच्या वाट्याला १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ५७ येते : राहणाऱ्याच्या जिवाला वा मालमत्तेला धोका पोचेल असा जो दोष मालकास ठाऊक आहे आणि राहणाऱ्यास ठाऊक नाही, तो उघड करण्यास मालक बांधलेला आहे. गेल्या पावसाळ्यात पाझरलेली भिंत मे महिन्यात रंगाखाली झाकून ताबा देणे ही माझ्या मते याच कर्तव्यात केलेली कसूर आहे, आणि तिला केवळ रंगरंगोटी म्हणणे हा अन्याय आहे. बाहेरील भिंतीची व गच्चीची गळती सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेने दुरुस्त करावयाची असते हे खरे. पण संस्थेचा सभासद मालक आहे, राहणारा नव्हे, म्हणून ‘ते सोसायटीचे काम’ एवढे सांगून मालकास मोकळे होता येणार नाही, अर्ज त्यानेच करावा आणि पाठपुरावाही त्यानेच.

करारनाम्यात अनामत रकमेचा आकडा जेवढ्या काळजीने लिहिला जातो, तेवढ्याच काळजीने ताबा घेतेवेळच्या भिंतींची स्थिती, छायाचित्रांसह, का लिहिली जाऊ नये? ती नसल्यामुळेच घर सोडताना रंगाचा खर्च अनामतीतून कापला जातो, आणि ज्याने चार महिने बुरशी पुसली, त्याच्याच पैशांनी ती भिंत पुढच्या बिऱ्हाडासाठी पुन्हा पांढरी केली जाते. अशी कपात मालकाने करू नये, आणि राहणाऱ्याने ती लेखी हरकत घेतल्यावाचून सोसू नये.